फिमेल आहे रे, सोड

तुम्ही पक्ष्यांचे फोटो काढत असाल तर पुढे वाचण्याआधी फोनची गॅलरी उघडा आणि मोजा. चिरक, दयाळ, सूर्यपक्षी, स्वर्गीय नर्तक, म्हणजे ज्यांच्यात नर आणि मादी वेगळे दिसतात तेवढेच पक्षी घ्या. नर किती निघाले? माद्या किती?

मी गेल्या वर्षी मोजले. चार वर्षांचे फोटो होते. चिरकाच्या नराचे इतके की निम्मे डिलीट केले तरी फरक पडला नसता. दगडावरचा नर, कुंपणावरचा नर, सकाळच्या तिरप्या उन्हात निळसर चकाकणारा नर. चिरकाच्या मादीचा फोटो एकही नव्हता. आणि ती माझ्याच बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये राहत होती.

झालं असं. पुण्याच्या कडेला, टेकडी खोदून बांधलेल्या एका सोसायटीत मी राहतो. पार्किंगच्या मागच्या भिंतीतून एक जुना पाइप बाहेर आलाय. त्याचा आता काही उपयोग नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी मी सिंहगडाच्या पायथ्याहून परत आलो, गळ्यात कॅमेरा, कार्डमध्ये स्वर्गीय नर्तकाचे दीडशे फोटो. पार्किंग झाडणाऱ्या मावशींनी हाक मारली.

"दादा, ते बघा की. खाकी पाखरू, शेपूट वर करून सारखं पायपात शिरतंय. कशाचं पाखरू म्हणायचं?"

मी मान वळवली. भिंतीवर काहीतरी मातकट हललं आणि गेलं.

"चिमणी असेल, मावशी."

"चिमणी काय मला कळत नाय व्हय?" त्या म्हणाल्या आणि झाडू लागल्या.

कॅमेरा गळ्यातच होता. उचलायला दोन सेकंद लागले असते. उचलला नाही, कारण रंग मातकट होता. पुढच्या आठवड्यात पावसाळ्यापूर्वीची कामं निघाली. उंदीर नकोत, डास नकोत म्हणून सगळ्या जुन्या पाइपांची तोंडं सिमेंटने बुजवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढत होतो, तेव्हा ती त्या ओल्या सिमेंटसमोर बसलेली दिसली. चोचीत अळी. शेपटी ताठ उभी, आणि शेपटीखाली तो वीटकरी रंग, जो मी नराच्या प्रत्येक फोटोत झूम करून बघितला होता. तेव्हा कुठे मला कळलं ती कोण आहे.

मी सेक्रेटरींकडे गेलो. आत पिल्लं आहेत, फोडायला पाहिजे, म्हटलं. त्यांनी रास्त प्रश्न विचारला, "कुठला पक्षी? फोटो आहे का?" मी मोबाइलमधला नर दाखवला. ते म्हणाले, "हा काळा? हा तर कधी पाइपात जाताना दिसला नाही कोणाला." खरंच होतं त्यांचं. हातोडा घेऊन प्लंबर आला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आत गवत, कोणाचे तरी केस, सापाच्या कातीचा एक तुकडा आणि तीन पिल्लं. त्यांतलं एक तेवढं हलत होतं. रात्रीपर्यंत तेही थांबलं.

दोष सिमेंट लावणाऱ्याचा नाही. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगू शकणारा एकच माणूस त्या सोसायटीत होता, ज्याच्या यादीत दोनशेवर पक्षी होते, आणि त्याने न बघताच 'चिमणी' म्हणून टाकलं होतं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते मी जरा जोरात मांडणार आहे. आपण ज्याला पक्षी ओळखणं म्हणतो ते बहुतेक वेळा नर ओळखणं असतं. अर्धी जात आपल्याला ओळखू येते. उरलेल्या अर्ध्या जातीला आपण 'कुठलातरी तपकिरी पक्षी' म्हणतो, आणि तरीही यादीत जातीपुढे टिक करून मोकळे होतो.

सिंहगडाच्या पायथ्याशी हिवाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी जा. पाण्याच्या लहानशा डबक्यासमोर पंधरा-वीस लेन्स लागलेल्या असतात. पानांत हालचाल झाली की सगळ्या एकदम वर जातात. मग कोणीतरी म्हणतं, "फिमेल आहे रे, सोड." आणि सगळ्या खाली येतात. हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा. गंमत म्हणजे स्वर्गीय नर्तकाच्या बाबतीत ते चुकीचंही असू शकतं. तरुण नरही मादीसारखाच तांबूस असतो आणि त्यालाही ती लांब फीत नसते. गळा काळा की राखाडी, हे बघावं लागतं, आणि ते बघायला लेन्स वरच ठेवावी लागते. म्हणजे ज्याला आपण मादी म्हणून सोडलं तो मादी होता की नाही, एवढंही आपण पाहिलं नव्हतं.

ही सवय लागते कुठून? आधी पुस्तकातून. बहुतेक फील्ड गाइडमध्ये नर पुढे, मोठा, रंगात. मादी त्याच्या मागे किंवा बाजूला. वर्णन नराचं सविस्तर आणि मादीचं एका ओळीत: फिकट, मळकट, तपकिरी. म्हणजे तिच्यात काय आहे ते न सांगता तिच्यात काय नाही ते सांगितलेलं. मग पोस्टर येतात, कॅलेंडर येतात, इन्स्टाग्राम येतं. मग ॲप. मर्लिनसारखं ॲप मी रोज वापरतो आणि ते मोठं कामाचं आहे. पण फोन पुढे धरून उभं राहिलं की तो गाणाऱ्याला आधी ऐकतो. पाइपात अंड्यांवर गप्प बसलेली मादी कुठल्याच मायक्रोफोनला ऐकू येत नाही. ईबर्डवर नोंद करताना नर किती, मादी किती हे भरायची सोय आहे. चार वर्षांत मी ती एकदाही उघडली नव्हती.

आणि हे फक्त पोस्टर-ॲपवाल्या पिढीचं आहे असं समजू नका. आपल्या भाषेत बघा. वसंतात आमराईत 'कोकिळा' गाते असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. गोड गळ्याच्या बाईला आपण गानकोकिळा म्हणतो. ते 'कुहू' नराचं असतं. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज म्हणजे घाईघाईतलं 'किक्-किक्-किक्'. वरवर पाहता इथे आपण मादीला मान दिलाय. खरं तर तिचं नाव घेतलं आणि आवाज दुसऱ्याचाच ऐकला. ती समोर येऊन ओरडली तरी ओळखू आली नसती. मोराचं याच्या उलट. लांडोर म्हटलं की मला त्यात 'लांडा' ऐकू येतो, म्हणजे पिसारा नसलेली. एकीकडे तिला नसलेला गळा दिला, दुसरीकडे नसलेल्या पिसाऱ्यावरून हाक मारली. दोन्हीकडे तिला नीट कोणी बघितलेलं नाही.

'रॉबिन' या नावाचीही हीच कथा आहे, फक्त जरा लांबच्या प्रवासाची. मूळचा रॉबिन युरोपातला, नारिंगी-लाल छातीचा. इंग्लंडमध्ये त्याचं जुनं नाव 'रेडब्रेस्ट'. पुढे त्याला लाडाने माणसाचं नाव जोडलं आणि तेच टिकलं. इंग्रज अमेरिकेत गेले, तिथे लाल छातीचा कस्तूर दिसला, त्याला रॉबिन म्हणाले. इथे आले, आपल्या चिरकाला 'इंडियन रॉबिन' म्हणाले आणि दयाळला 'मॅगपाय रॉबिन'. चिरकाच्या छातीवर लाल काही नाही. त्याचं लाल शेपटीखाली. आज चिरक आणि दयाळ एकाच कुळातले, माशीमारांच्या कुळातले मानले जातात.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या मूळच्या युरोपियन रॉबिनमध्ये नर आणि मादी सारखेच दिसतात. दोघांची छाती लाल. डेव्हिड लॅक नावाच्या शिक्षकाने इंग्लंडमध्ये डेव्हनला रॉबिनच्या पायांत रंगीत कडी घालून एकेक पक्षी वेगळा ओळखायला सुरुवात केली. त्यावरचं त्याचं 'द लाइफ ऑफ द रॉबिन' हे पुस्तक १९४३ साली आलं. त्यात दिसतं की हिवाळ्यात मादी स्वतःचा वेगळा इलाका राखते आणि त्यासाठी नरासारखीच गाते. डोळ्यांना नर-मादी सारखे दिसत होते, तेव्हा गाणारा तो नर असं धरून चालणं सोपं होतं. कड्या घालून बघितल्यावर ते मोडलं.

तरी सवय जात नाही. डार्विनने १८७१मध्ये पक्ष्यांच्या गाण्याची सांगड मादीला भुलवणाऱ्या नराशी घातली आणि 'गातो तो नर' हे जवळपास नियमासारखं झालं. बहुतेक अभ्यास युरोप आणि उत्तर अमेरिकेत झाले, आणि तिथे गाणाऱ्या माद्या तुलनेने कमी. २०१४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये एक शोधनिबंध आला. त्यात ३२३ जातींची माहिती तपासली होती. त्यांतल्या ७१ टक्के जातींत माद्या गातात असं निघालं, आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या आद्य पूर्वजांतही नर-मादी दोघं गात असावेत असा निष्कर्ष होता. म्हणजे इतकी वर्षं कान तिकडे लावलाच नव्हता.

संग्रहालयांत तरी वेगळं असेल? २०१९ साली जगातल्या पाच मोठ्या संग्रहालयांतल्या पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या नमुन्यांची मोजणी प्रसिद्ध झाली. पक्ष्यांच्या नमुन्यांत माद्या ४० टक्के. बंदूक घेऊन फिरणाऱ्यालाही रंगीतच आधी दिसत होता.

"बरं मग? फोटो नरांचे जास्त, नमुने नरांचे जास्त. कोणाचं काय बिघडलं?" हा प्रश्न मला विचारला गेलाय. त्याचं एक उत्तर माझ्या पार्किंगमध्ये आहे. दुसरं मध्य अमेरिकेत. गोल्डन-विंग्ड वॉर्ब्लर नावाचा एक छोटा पक्षी हिवाळ्यात तिकडे उतरतो. नर उंचावरच्या जंगलात राहतात, माद्या खालच्या उतारांवर. संवर्धनाचे आराखडे पक्षी जिथे सहज दिसतात तिथलेच होणार. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की २००० ते २०१६ या काळात माद्यांच्या वाट्याच्या जंगलाची तोड नरांच्या मानाने दुप्पट झाली. नर वाचवायचे, त्यांची जंगलं वाचवायची, आणि माद्या जिथे राहतात तो उतार कॉफीसाठी किंवा गुरांसाठी मोकळा होऊ द्यायचा, तर पुढचा नर येणार कुठून?

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते मी स्वतःच बरीच वर्षं घेत होतो.

पहिला: नवशिक्याला नरच सोपा, सुरुवात तिथूनच होणार. मान्य. मीही काळ्याकुळकुळीत चिरकापासूनच सुरुवात केली. पण सुरुवात चार वर्षं टिकली तर तिला सुरुवात म्हणत नाहीत.

दुसरा: मादी दिसायलाच साधी, लोक सुंदर गोष्टींचेच फोटो काढणार. काढा ना. सुंदर फोटो काढण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त त्याला फोटोग्राफी म्हणा, पक्षी ओळखणं म्हणू नका. आणि तिचं साधेपण तिच्या कामाचं आहे. चिरकात अंडी उबवते ती एकटी मादी, साधारण दहा-बारा दिवस. दयाळमध्येही तेच. घरट्यावर बसणाऱ्याने चकाकून चालत नाही. ती आपल्याला दिसत नाही, हा तिच्या रंगाचा गुण आहे. शिकरा आणि मांजर यांच्यापासून तो तिला वाचवतो. आपण मात्र दुर्बीण घेऊन हिंडणारे, आपली फजिती मांजराइतकीच व्हावी?

तिसरा आक्षेप हळू आवाजात येतो: "आता पक्ष्यांतही तुमचं ते स्त्री-पुरुष आणणार का?" नाही आणत. तो शब्दच बाजूला ठेवू. साधा व्यवहार बघू. घरटं कुठे आहे हे आपल्याला कोण दाखवतं? गवताची काडी, केस, अळी घेऊन एकाच भोकाकडे परत परत जाणारा पक्षी. चिरक आणि दयाळ यांच्यात उबवणीच्या दिवसांत तिथे जाणारी मादीच असते. ती ओळखता आली नाही तर घरटं कळणार नाही, आणि घरटं कळलं नाही तर मे महिन्यात बागेची छाटणी, पाइपांची बुजवणी, भिंतीची डागडुजी थांबवायला तोंड कोण उघडणार? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी-घरटी मोडणं, त्यांना धक्का लावणंही येतं. पण कायदा तेव्हाच लागू पडणार, जेव्हा तिथे घरटं आहे हे कोणालातरी माहीत असेल.

मग ओळखायची कशी? एवढं भांडलो तर हे सांगणं माझं कर्तव्य आहे.

रंगापासून सुरुवात करू नका. वागण्यापासून करा. मावशींनी तेच केलं होतं. 'शेपूट वर करून पायपात शिरतंय' या पाच शब्दांत चिरक जवळपास पूर्ण सांगून झाला होता. चिरकाची मादी चिमणीएवढी, पण अंगाने उभट. जमिनीवर, दगडांत, भिंतीच्या कडेने टुणटुण चालते आणि शेपटी पाठीवर झुकेल इतकी उभी धरते. अंग मातकट, राखाडीकडे झुकणारं. नराच्या पंखावर असतो तसा पांढरा डाग तिला नाही. शेपटी काळपट, आणि शेपटीखाली वीटकरी. हा वीटकरी दिसला की शंका उरत नाही. उत्तरेत गेलात तर तिथल्या नराचीही पाठ तपकिरी असते. तेव्हा नर म्हणजे नखशिखांत काळा हेही डोक्यातून काढा.

तिची गल्लत होते ती दोघींशी. एक थिरथिऱ्याची मादी. तीही तपकिरी, तीही भिंतीवर. पण ती शेपटी उभी धरत नाही, थरथरवते, आणि तिची कंबर आणि शेपटीच्या कडा नारिंगी असतात. शिवाय ती हिवाळ्याची पाहुणी. मेमध्ये पुण्यात दिसलेली तपकिरी ती नव्हे. दुसरी गप्पीदासाची मादी. ती लहान, आणि तिला उंच टोक लागतं. तार, गवताचा तुरा, झुडपाचा शेंडा, असं बसून खाली झेप घेते आणि परत येते. तिचा वीटकरी रंग कमरेवर, म्हणजे पाठीकडून दिसतो. चिरकाचा शेपटीच्या खाली. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

बागेत आलात की दयाळ. त्याची मादी तपकिरी नाही. नर जिथे काळा, तिथे ती पाटीसारखी राखाडी. पंखावरची लांब पांढरी पट्टी आणि शेपटीच्या पांढऱ्या कडा दोघांनाही. चिरकाच्या शेपटीत पांढरं नसतं. सह्याद्रीतल्या दाट, बांबूच्या जंगलात शिरलात की शामा. नराची शेपटी लांबलचक, पोट गडद नारिंगी. मादीची शेपटी आखूड, काळ्याच्या जागी राखी-तपकिरी, पोट फिकट. पण शेपटीच्या बुडाशी पाठीवरचा पांढरा डाग दोघांनाही असतो आणि झुडपातून उडताना तोच आधी दिसतो. पक्ष्याच्या आवाजाचं सर्वांत जुनं माहीत असलेलं ध्वनिमुद्रण याच शामाचं आहे, पिंजऱ्यातल्या एका शामाचं. लुडविग कॉख नावाच्या मुलाने १८८९मध्ये जर्मनीत मेणाच्या नळकांड्यावर केलेलं. आपल्या फोनमधल्या सगळ्या 'साउंड आयडी'ची खापरपणजी तीच. इतक्या वर्षांपूर्वी त्याचा आवाज पकडला. त्याच्या मादीला जंगलात बघून पहिल्या नजरेत ओळखणारे किती आहेत, ते पुढच्या ट्रिपला ग्रुपमध्ये विचारून बघा.

अमेरिकेत काही पक्षीनिरीक्षक बायकांनी 'गॅलबॅट्रॉस' नावाचा एक गट काढलाय. वर्षातून एका वीकेंडला ते फक्त मादी पक्षी शोधतात आणि नोंदवतात. आपल्याला गटाची आणि वीकेंडची वाट बघायची गरज नाही. एवढंच करा: यादीत 'चिरक' लिहाल तेव्हा पुढे नर, मादी की दोन्ही हे लिहा. मादी बघितली नसेल तर टिक अर्धीच करा. आणि लेन्स वर गेल्यावर कोणी ते वाक्य म्हणालं तर तुमची तेवढी खाली आणू नका.

या वर्षी फेब्रुवारीत प्लंबरला सांगून तो पाइप मी मोकळाच ठेवला होता. मार्चच्या शेवटी मावशींनी परत हाक मारली. या वेळी मी कॅमेरा उचलला. फोटो वाईट आला. सावलीतला, हललेला, भिंतीच्या रंगात मिसळलेला. तोच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: चिरक, मादी, मागच्या भिंतीतला पाइप. दोन लाइक आले. त्यांतला एक माझ्या बायकोचा.

तासाभराने सेक्रेटरींचा मेसेज आला. "मग तो पाइप कधी बुजवायचा?"

"जुलैपर्यंत नको," मी लिहिलं. त्यांनी अंगठा दिला.